दहापैकी किती

शेजारच्या खाटेवरची बाई सकाळपासून कण्हत होती, आणि मालकीणबाईंना ते मुळीच सहन होत नव्हतं. दोघींचं दुखणं एकच. दोघींचा उजवा खांदा काल सकाळी एकाच डॉक्टरने उघडून शिवलेला. हात बधिर करायची सुईसुद्धा दोघींना मानेजवळच टोचलेली. मग हिचाच एवढा गवगवा कशाला?

भांड्यांचं दुकान तीस वर्षं एकहाती चालवलेल्या मालकीणबाई उशीला टेकून ऐटीत बसल्या होत्या. भेटायला आलेल्या दोन नणंदांना आणि सुनेला त्यांनी सांगून टाकलं की कालपासून आपण एक गोळीसुद्धा घेतलेली नाही. सिस्टरने दोनदा पुढे केली, सुईचा असर उतरायच्या आत घ्या म्हणाली. पण दुखतच नाही तर गिळायची कशाला? नणंदांनी तोंडात बोटं घातली. सून डब्याचं झाकण लावू लागली. ती सासूबाईंना ओळखून होती.

शेजारची बाई एका लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्याकडे कोणी आलं नव्हतं. तिने पुन्हा "आई गं" म्हटलं, तेव्हा मालकीणबाईंनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सुनावलं, "अगं, माणसं बसलीयेत इथं. खांदाच शिवलाय ना? माझ्याकडं बघ जरा."

बाईने बघितलं. मग उशीचं टोक दातांत धरलं.

थोड्या वेळाने सिस्टर तक्ता घेऊन आली. दहापैकी किती दुखतंय ते विचारायचं आणि आकडा लिहायचा, अशी तिची रीत. पाचच्या वर असला तर इंजेक्शन, खाली असला तर नुसती गोळी. मालकीणबाईंनी खणखणीत शून्य सांगितलं. सकाळी दहापैकी नऊ सांगणारी बाई त्यांच्याकडे चोरून बघत "तीन" म्हणाली. सिस्टरला बरं वाटलं. दोघींपुढे गोळी ठेवून ती पुढच्या खाटेकडे गेली. थोरली नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही बोललात आणि दुखणं पळालं बघा. मग दोघी नणंदा चहाचे कप घेऊन खिडकीशी गेल्या.

तेवढ्यात भुलीची डॉक्टर आली. तिने मालकीणबाईंच्या बोटांना एकेक चिमटा काढला. काही कळलं नाही, असं त्यांनी मिरवत सांगितलं.

"कळणारच नाही, आजी. तुमच्या सुईत मी थोडं स्टेरॉइड घातलं होतं. त्यानं बधिरपणा जास्त वेळ टिकतो."

ते सगळ्यांनाच घालतात ना, मालकीणबाईंनी विचारलं. डॉक्टरने आवाज खाली आणला. रक्तातली साखर हाताबाहेर असली की नाही घालत, ती आणखी चढते. शेजारच्या या बाईंना साधंच द्यावं लागलं, ते काल संध्याकाळीच उतरलं. तेव्हापासून फार सोसलंय बिचारीनं. तुम्हीही गोळी आत्ताच घ्या, दोन-तीन तासांत तुमचंही उतरेल.

डॉक्टर गेली. नणंदांना काही ऐकू आलं नव्हतं. मालकीणबाई गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी शेजारी पाहिलं. बाईचे डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. तोंडातून आवाज मात्र येत नव्हता. मालकीणबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. गळ्यात अडकवलेल्या झोळीतला आपला हात त्यांना कुणा दुसऱ्याचाच वाटू लागला.

डॉक्टर काय म्हणाली, थोरल्या नणंदेने विचारलं. उत्तर न देता मालकीणबाईंनी सुनेला सिस्टरला बोलवायला पाठवलं. डाव्या हाताने गोळी उचलली आणि सगळ्यांसमोर गिळली. मग शेजारच्या खाटेकडे वळल्या.

"माझ्या तोंडाला भिऊन तू खोटा आकडा सांगितलास. आता सिस्टर आली की खरा सांग. माझ्यापेक्षा तू दसपट सोशिक आहेस, बाई. माझा हात औषधानं झोपलेला होता, म्हणून माझी जीभ एवढी चालली."