दाढेत अडकलेलं

माणसाचं रूप घेऊन माणसं खाणारं जनावर गावात शिरल्यापासून दातांचा डॉक्टर भलताच सावध झाला होता. जबड्यात ठोकळा बसवल्याशिवाय तो सख्ख्या भावाच्याही तोंडात बोट घालत नसे. पण आज खुर्चीत बायको बसली होती. तिला कसला आलाय ठोकळा!

"अहो, दाढेत काहीतरी अडकलंय. सकाळपासून नुसता वैताग आलाय."

त्यानं बोटांनी गाल बाजूला केला आणि चिमट्यानं ते ओढून काढलं. सोन्याची कॅप होती. त्यानं बायकोसाठी स्वतः घडवलेली, आतून तिच्या नावाचं अक्षर कोरलेली. चपापून त्यानं तिच्या तोंडात पाहिलं. तिच्या दातावरची कॅप तर जागच्या जागी चमकत होती.

"निघालं ना?" त्याची बोटं तोंडात असतानाच ती लाडानं म्हणाली. "आता कसं, नीट चावता येईल."