फी तासाची, भांडण घरचं

“घरची लेक परक्या दारी वाढायची नाही बरं,” नातीचा पाळणा झुलवताना संदेशची आई म्हणायची. तेच आठवून संदेश दुबईतल्या वकिलीणबाईंपुढे हटून बसला होता. मृत्युपत्रात एकच गोष्ट उरली होती: नवरा-बायको दोघंही एकदम गेली, तर लेकीला कोण सांभाळणार?

“माझे कुडाळचे दादा,” तो म्हणाला.

“माझी ताई,” बायको म्हणाली. “तुझ्या दादांना कुणी हसताना पाहिलंय?”

“ताईकडे मांजरसुद्धा टिकत नाही!”

वकिलीणबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांची फी तासावर होती. त्यांनी प्रेमाने पुन्हा चहा मागवला. तोवर भांडण लग्नातल्या मानपानापर्यंत पोचलं होतं.

शेवटी बायकोने डोळे पुसले. “असू देत दादा. पण लेक तिथे रमेल, एवढं माझ्याकडे बघून सांग.”

संदेश कपात बघत राहिला. “ताईचंच नाव सांग यांना. दादांची मला अजून भीती वाटते.”