हाताखालची काठी

तृप्तीच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती तिच्या वडिलांनीच, म्हणजे रंगनाथ पेंटरांनीच काढायचा, याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. अडचण एवढीच, की गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. कागदावर काढलेले सगळे गणपती त्यांनी स्वतःच फाडून टाकले होते.

म्हणून आज तृप्तीने त्यांना कंप्युटरसमोर बसवलं. कंप्युटर तिच्या ऑफिसातून निघालेला, जुना. नवी विंडोज त्याला झेपेना, म्हणून तिने त्यात लिनक्स टाकलं होतं. छपाईवाल्या हिरामणने फोनवरच हात झटकले होते. "ताई, त्याच्यावर आमचं डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअर चालत नाय. पत्रिका कशी बनवणार?" पण ताई कसली ऐकते! तिने चित्रं काढायचं क्रिता नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर शोधून काढलं, वर कुणाचा तरी वापरलेला पेन टॅब्लेटही मिळवला, पेनाने ओढलेली रेघ पडद्यावर उमटवणारी पाटी.

रंगनाथांनी पेन टेकवलं. हात थरथरला, पण पडद्यावर सोंड अशी झोकात वळली, की ते बघतच राहिले. रेघ पेनाच्या जरा मागून, सावकाश येत होती, आणि थरथर वाटेतच गळून पडत होती. ते हरखले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"ही रेघ माझी नाय, मशीनची हाय," पेन खाली ठेवत ते म्हणाले. "माझ्या नावावर छापू नको."

तृप्ती हिरमुसली. शालू तिने आईच्या पसंतीवर सोडला होता, हॉल सासरच्यांच्या. हट्ट काय तो हा एकच केला होता.

"अण्णा, बोर्ड रंगवताना तुम्ही मनगटाखाली काठी घ्यायचात ना? हात हलू नये म्हणून?"

"मग? सगळेच पेंटर घेतात."

"मग अक्षरं कुणाची म्हणायची? काठीची?"

रंगनाथांना ती काठी आठवली. जेलरोडवरच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ओल्या रंगावर काठी टेकवता येत नसे. तेव्हा तिचं दुसरं टोक धरून फ्रॉकातली तृप्ती स्टुलावर उभी राहायची. हात भरून यायचे, पण पोर टोक हलू द्यायची नाही.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. सोंड, कान, शेवटी पोटाचा गोल. गणपती उतरला तेव्हा तृप्तीचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची तिने तसदी घेतली नाही.

"पीडीएफ करून पाठवते हिरामणला, ती कुठंही उघडते. म्हणे पत्रिका कशी बनवणार!" डोळे पुसत ती हसली. "आणि अण्णा, हे सगळं इथंच राहणार आहे. मी गेल्यावरही काढत जा."

रंगनाथ पडद्याकडेच बघत होते.

"काठी राहील गं," ते म्हणाले. "टोक धरणारी चालली."