पोह्याचे पापड, मुक्काम लेस्टर

शिमगा उलटून महिना झाला तरी लेस्टरहून पापडांची मागणी आली नाही, तेव्हा सुनीतीबाईंनी पुतळीला कामावरून दूर केले.

"माझा गुन्हा काय, बाई?" पुतळीने विचारले.

"गेल्या खेपेला तुझे पापड जाड होते. विलायतेच्या माणसाला जाड पापड चालत नाही."

"नऊ वर्सं चालला, तो आताच जाड झाला व्हय?" पुतळीने पदर खोचला आणि गागोद्याची वाट धरली.

पेणच्या त्या अंगणात आता अकरा बायका उरल्या. चौऱ्याहत्तर सालापासून दर शिमग्याला लेस्टरच्या कंपनीचे टंकलिखित पत्र येई, चैत्रात पोह्याचे पापड लाटले जात आणि मृगाआधी खोके मुंबई बंदरातून रवाना होत. कुळकायद्यात जमीन गेलेल्या सुनीतीबाईंना आणि त्या बायकांच्या चुलींना हाच एक आधार होता. बाईंची शिस्त कडक होती. रोजच्या पिठातला पहिला पापड त्या स्वतः निखाऱ्यावर भाजून चाखत आणि मगच बाकीचे लाटू देत. आपला पापड साहेबाच्या ताटात जातो, असे त्या म्हणत, आणि त्यावर हसण्याची गावात कोणाची छाती नव्हती.

यंदा पीठ डब्यांत भरून तयार होते. ऊन रोज फुकट जात होते.

"बाई, शरदभाऊ तिकडंच हायत ना?" हौसा एके दिवशी म्हणाली. ती सगळ्यांत वयस्क, म्हणून हे धाडस तिचेच. "त्यांना लिवा. कंपनीत जाऊन इचारतील, का रागावलात म्हणून."

शरद हा सुनीतीबाईंचा एकुलता मुलगा. त्याने तिकडच्या मडमेशी लग्न केल्याचे कळले, त्या दिवशी बाईंनी त्याच्या नावाने आंघोळ केली होती. पुढे चार वर्षे त्याच्याकडून पैशांची पाकिटे येत राहिली आणि त्या ती न उघडता परत धाडीत राहिल्या. अखेर तोही समजला. पाकिटे थांबली, त्याला दहा वर्षे होत आली.

"माझे पोट मी त्याच्या दाराशी नेणार नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचं नका नेऊ. आमचं न्या," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाई एसटीने रोह्याला गेल्या. निर्यातीची कागदपत्रे पाहणारे माधवराव तिथे राहत. ते शरदचे शाळासोबती.

"दोन पत्रे टाकली, काकू. तारही केली. उत्तर नाही."

"मग दुसरे गिऱ्हाईक शोधा."

"दुबईवाले उडदाचे मागतात. पोह्याचे कोणी विचारीत नाही. ह्या मालाचे गिऱ्हाईक..." माधवरावांनी वाक्य अर्धेच सोडले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "एकच होते."

"दोष काय घडला तेवढे कळू द्या. मी सुधारीन."

"दोष मालात नव्हता, काकू."

"तुम्ही चाखला होता?"

माधवराव खाली पाहू लागले.

"शरदचा पत्ता आहे तुमच्याकडे?" सुनीतीबाईंनी विचारले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला माधवरावांनी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी वही न उघडता पत्ता लिहून दिला.

पत्राच्या मायन्यापाशीच तीन कागद फाटले. चौथ्यावर त्यांनी 'चिरंजीव' लिहिले आणि मग हात थांबू दिला नाही. 'इथे बारा बायकांच्या चुली विझायला आल्या आहेत. लेस्टरच्या कंपनीत जाऊन आमच्या मालात दोष काय होता ते विचार. त्यांनी पुन्हा मागणी दिली, तर तुझे उपकार मी मानीन. घरी यावेसे वाटल्यास दोघांनी यावे.' शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली, पण खोडली नाही.

बारा हा आकडा लिहिला होता, म्हणून त्यांनी गागोद्याला निरोप पाठवून पुतळीला परत बोलावले. ती आली.

"आता पातळ लाटीन हां," ती म्हणाली, "पलीकडचा साहेब दिसंल इतका."

कोणी हसले नाही. वैशाख सरत आला. पिठात अळ्या झाल्या. मालू आणि सरू वीटभट्टीवर गेल्या. राहिलेल्या बायका सवयीने येत, रिकाम्या पोळपाटांपाशी बसत आणि पोस्टमन पुढच्या घरी गेला की उठून जात. सुनीतीबाईंनी एक वेळचे जेवण सोडले आणि त्याला उपवास म्हटले.

मृगाला दोन दिवस असताना विलायतेचे पाकीट आले.

"शरदचे अक्षर नव्हे हे," पाकीट पाहूनच सुनीतीबाई म्हणाल्या.

"मंग कंपनीचंच आसंल!" हौसाने हात जोडले.

कंपनीची इंग्रजी पत्रे आजवर शेजारची शिक्षिका वृंदा वाचून दाखवीत असे. तिला बोलावले. तिने पाकीट फोडले, आधी मनात वाचले आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

"वाच," सुनीतीबाई म्हणाल्या. "दोष असेल तो जसाच्या तसा सांग. मला लाज वाटणार नाही."

वृंदा अडखळत मराठीत सांगू लागली.

"'आई, तुमचे पत्र इथल्या एका मराठी डॉक्टरांकडून वाचून घेतले. शरद जानेवारीत गेले. मी तुम्हाला लिहिले नाही, कारण आमची पाकिटे तुम्ही उघडत नव्हतात. कंपनी कधीच नव्हती. नाव छापलेले कागद तेवढे होते आणि त्यांवर पत्रे शरद घरी टंकलिखित करीत. तुमच्या मालात दोष काय होता, ते मला सांगता येत नाही. नऊ वर्षांतला एकही खोका त्यांनी कोणाला उघडू दिला नाही.'"