देवावर टाकलेला भार

अंबरनाथच्या कारखान्यातल्या कारकुनीने याकोबरावांची झोप उडवली, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी उपाय सांगितला, "रोज सकाळी सहकुटुंब गुडघे टेका आणि सगळा भार देवावर टाका."

तेव्हापासून याकोबराव रोज खड्या आवाजात विनवत, "बापा, सलोमीला चहा वेळेवर करायची बुद्धी दे. मास्तरणीच्या नोकरीचं तिचं खूळ घालव." मग स्वारी हलकी होऊन कामावर जाई. प्रार्थनेत मध्येच बोलायची रीत नाही, म्हणून त्यांची बायको सलोमी मुकाट 'आमेन' म्हणे.

एका सकाळी पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "आज प्रार्थना सलोमीबाई करतील."

सलोमीने डोळे मिटले. "बापा, सोमवारपासून मी मिशनच्या शाळेत शिकवायला जातेय. सकाळचा चहा हे करतील. यांना बळ दे."


पाळकसाहेब मोठ्याने 'आमेन' म्हणाले आणि याकोबरावांच्या 'आमेन'साठी थांबून राहिले.