हाव मोजणारी खुर्ची

शोरूममधल्या त्या खुर्चीत बसलं, की गिऱ्हाइकाला गाडी किती हवीशी वाटतेय ते तिला कळायचं आणि समोरच्या पाटीवर किंमत तेवढी चढायची. म्हणून टिल्लूंच्या घराण्यात गाडीचा भाव करायला केशवरावांनाच नेत. त्यांना आजवर कुठलीच गोष्ट पसंत पडली नव्हती.

आज त्यांच्याच मुलीची, शर्वरीची, पहिली गाडी होती. ती पूजेचा नारळ घेऊन काचेच्या दाराबाहेर थांबली होती, कारण तिला बघून खुर्चीतल्या बापाचं मन विरघळलं, तर किंमत चढली असती.

"हा रंग? मोरीच्या फरशीला शोभेल," खुर्चीत टेकत केशवराव म्हणाले. चौदा लाखांचे बारा झाले.

"आणि ही सीट! असल्या बाकावर आमच्या वर्गातली ढ पोरं बसायची." बाराचे अकरा.

विक्रेतीला घाम फुटला. तिने शेवटचा हुकमी प्रश्न काढला. त्याला भलेभले विरघळत.

"काका, गाडी कुणासाठी घेताय?"

"मुलीसाठी. चार वर्षं पैसे साठवलेत तिने. लहानपणापासूनचं स्वप्न आहे म्हणे."

पाटीवरचा आकडा आणखी वीस हजारांनी उतरला.

केशवराव ऐटीत मागे वळले. "बघितलंस? याला म्हणतात भाव करणं!"

शर्वरी कधीच आत आली होती. तिने पाटीकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि नारळ टेबलावर ठेवला.

"उठा, बाबा," ती म्हणाली. "काय पडेल ते पडेल, त्या खुर्चीत मी बसते."