नाडी

टिंग. खिडकीजवळचे आजोबा. पुन्हा!

"आता काय झालं, आजोबा?"

"नाडी बघ. हातानं. पूर्ण मिनिटभर."

"अहो, बोटाला मशीन लावलंय की! समोर आकडे दिसतायत."

"मला नाही दिसत. आणि स्टुलावर बसून मोज, उभ्याउभ्या चुकतेस."

दातओठ खात सिस्टर बसली, मोजलं, उठली. अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात, सकाळपासून बूड टेकायला फुरसत नाही आणि वर या म्हाताऱ्याचे नखरे! तिनं दुसऱ्या पेशंटची पट्टी सोडायला घेतली तोच–

टिंग.

"मघाशी चुकलं असेल. परत मोज."

"आजोबा, तुम्ही एक दिवस माझा जीव घेणार!"

भेटीच्या वेळी त्यांचा मुलगा आला. सिस्टर पडद्यापलीकडे शेजारच्या बाईंचं सलाईन बदलत होती. मुलगा स्टूल ओढून बसला, तसे आजोबा कडाडले.

"ऊठ! ती पोर बसते त्यावर."

"बाबा, किती छळता तिला! मशीनवरचे आकडे खरंच दिसत नाहीत तुम्हाला?"

"दिसतात की," आजोबांचा आवाज खाली आला. "तिचे सुजलेले पायही दिसतात."